कराडचा दावा आधीचा, विट्याचा नंतरचा, रान तेच : स्थगिती मागू की दावा वर्ग करून घेऊ?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, राहायला कराड तालुक्यात. गेल्या सहा वर्षांत तारखांना बसून जेवढी कळली तेवढीच कोर्टाची भाषा मला येते. चुकलं तर सांगा.

आजोबांची जमीन दोन ठिकाणी. गावची बागायत ३ एकर १२ गुंठे, आणि विट्याकडची ७ एकर. विट्याचं रान म्हणजे माझ्या लहानपणी नुसतं कुसळ. आजोबा तिथं मटकी-बाजरी करायचे आणि ‘पोतं भरलं तर देवाची कृपा’ म्हणायचे. पुढे टेंभू योजनेचं पाणी विट्याच्या खानापूर तालुक्यात आलं. पाणी उचलतात आमच्या कराड तालुक्यातल्या टेंभूतून. ते तिकडच्या रानात पोचलं आणि त्याच्यापाठोपाठ भांडणही पोचलं. आज त्या सात एकरांत द्राक्षबाग आहे.

आजोबांना तीन मुलं : थोरले चुलते, माझे वडील आणि आत्या. वडील २०१६ साली गेले. २०१९ साली आई, भाऊ आणि मी असा तिघांनी कराडला दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे वाटपाचा दावा लावला. दोन्ही ठिकाणची जमीन त्यात आहे. चुलते आणि चुलतभाऊ हजर झाले, कैफियत (लेखी उत्तर) दिली. त्यांचं म्हणणं असं की १९८७ सालीच तोंडी वाटणी झाली, वडिलांनी गावातलं राहतं घर घेतलं आणि त्याबदल्यात विट्याचं रान सोडलं. तसा एक फेरफारही (महसूल दप्तरातली नोंद) आहे. आईला यातलं काहीही आठवत नाही. घर तर आजोबांनी हयातीतच वडिलांना बांधून दिलं होतं.

२०२१ साली चुलतभावानं विट्याला कनिष्ठ स्तर कोर्टात नुसत्या मनाईचा दावा लावला. प्रतिवादी फक्त माझा भाऊ. मी नाही, आई नाही, आत्या तर नाहीच. भाऊ टेम्पो चालवतो, एक तारीख चुकली आणि निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज मंजूर झाला. आता त्या रानात पाय ठेवायचा नाही. विट्याच्या वकिलांनी भावाची कैफियत दोन पानांत दिलीय : ‘मजकूर खोटा आहे, कबूल नाही.’ कराडच्या दाव्याचा त्यात एका शब्दानंही उल्लेख नाही. हे मला परवा नक्कल काढल्यावर कळलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

२०२३ साली चुलतभावानं त्यातला एक एकर विकला.

आजची परिस्थिती अशी : कराडला आत्याचं समन्स बजावलं जात नाही (पिंपरीतला पत्ता जुना आहे), त्यामुळे अजून वादमुद्दे (कोर्टानं ठरवायचे प्रश्न) निघाले नाहीत. विट्याला मात्र वादमुद्दे निघाले. २४ दिवसांनी चुलतभावाच्या सरतपासाच्या (त्याच्या स्वतःच्या साक्षीच्या) शपथपत्राची तारीख आहे. म्हणजे नंतर लावलेला दावा पुढे पळतोय आणि आमचा जागच्या जागी. कराडचे वकील म्हणतात विट्याचं तिकडं बघा. विट्याचे वकील म्हणतात कराडचं मला माहीत नाही.

एक जण म्हणतो स्थगिती मागा, दुसरा म्हणतो दावा वर्ग करून घ्या, तिसरा म्हणतो खरेदीखत रद्द करायला अजून एक दावा लावा. तिसरा दावा म्हटलं की पोटात गोळा येतो. आई ७१ वर्षांची आहे. तारीख असली की सकाळी विचारते, ‘आज कुठल्या कोर्टात?’ तिला देता येईल असं एक उत्तर मला हवंय.

विधी तृतीय वर्ष

ताई, हे सरळ दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १० आहे. आधीचा दावा प्रलंबित असताना तोच वाद असलेल्या नंतरच्या दाव्याची सुनावणी चालवता येत नाही. २००५ साली निम्हान्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कसोटी सांगितली आहे : पहिल्या दाव्याचा निकाल दुसऱ्या दाव्यात अंतिम म्हणून बंधनकारक ठरेल का, हे बघायचं. तुमच्या दोन्ही दाव्यांत १९८७ ची वाटणी झाली की नाही हाच प्रश्न आहे. कराडच्या कोर्टात स्थगितीचा अर्ज द्या.

निवृत्त, न्यायालयीन सेवा

आधी एक दुरुस्ती. कलम १० चा अर्ज आधीच्या कोर्टात नाही, नंतरच्या कोर्टात द्यायचा असतो. थांबायचं विट्याच्या कोर्टानं, म्हणून अर्ज विट्याला. मी ३१ वर्षं कोर्टात काम केलं. चुकीच्या कोर्टात दिलेले असे अर्ज आणि त्यापायी गेलेल्या तारखा मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता कामाचं सांगतो. कराडच्या दाव्यातली वादपत्राची, चुलतभावाच्या वकीलपत्राची, त्याच्या कैफियतीची आणि रोजनाम्याची (तारखेवार नोंदींची) प्रमाणित नक्कल आजच अर्ज करून मागवा, तातडीची. दावा कधी दाखल झाला आणि तो कोणत्या तारखेला हजर झाला, हे त्यातून सिद्ध होतं. मग विट्याचं त्याचं वादपत्र काढा आणि शेवटचे परिच्छेद वाचा. ‘या मिळकतीबाबत अन्य कोणत्याही न्यायालयात दावा प्रलंबित नाही’ अशा अर्थाचं वाक्य तिथं बहुतेक असतं. २०१९ साली कराडला कैफियत देणाऱ्या माणसानं २०२१ साली विट्याला ते शपथेवर लिहिलं असेल, तर ते तुमच्या फार उपयोगाचं आहे.

दोन्ही दाव्यांचे सोळा अक्षरांचे सीएनआर नंबर (प्रत्येक दाव्याचा ओळखक्रमांक) एका कागदावर लिहा आणि दोन्ही वकिलांना द्या. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दोघांनाही दोन्ही रोजनामे दिसतील. एका वकिलाला दुसऱ्याचं माहीत नाही, ही अवस्था या आठवड्यात संपली पाहिजे.

कृष्णाकाठ

काका, वाक्य आहे. वादपत्राच्या सहाव्या पानावर. आत्ताच काढून बघितलं. हात थरथरत होते. आभारी आहे.

दिवाणी वकील, सांगली

ताई, तुमचं सगळं वाचलं. मी तुमचे वकील नाही, त्यामुळे हे तुमच्या वकिलांसमोर ठेवा आणि त्यांचं ऐका. पण २४ दिवस म्हणताय म्हणून सविस्तर लिहितो.

स्थगितीची घाई करू नका. कलम १० खाली विट्याचा दावा थांबला, तर थांबते ती सुनावणी. निशाणी ५ चा हुकूम थांबत नाही, तो जिवंत राहतो. म्हणजे कराडचा निकाल लागेपर्यंत, मग त्याला दहा वर्षं लागोत, तुमच्या भावानं रानात जायचं नाही आणि विट्याचं कोर्ट त्या दाव्याची सुनावणी पुढे नेणार नाही. चुलतभावाला यापेक्षा आणखी काय हवं? बाग त्याच्याकडे, हुकूम त्याच्या बाजूनं आणि उलटतपासाची भीती नाही. प्रतिवादीनं मागितलेली स्थगिती कधी कधी वादीच्याच पथ्यावर पडते.

शिवाय कलम १० मिळेलच असंही नाही. पक्षकार तेच हवेत, आणि विट्याला तुम्ही आणि आई नाही. नावं तंतोतंत जुळलीच पाहिजेत असं न्यायालयं म्हणत नाहीत. पण समोरचा वकील हेही म्हणेल की आमचा दावा कब्जाचा, त्यांचा वाटपाचा, विषयच निराळा.

तुम्हाला हवं आहे ते दोन्ही दावे एकाच न्यायाधीशासमोर येणं. त्यासाठी दावा एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचं कलम २४. दोन्ही कोर्टं एकाच जिल्ह्यात असती तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज चालला असता. कराड सातारा जिल्ह्यात, विटा सांगली जिल्ह्यात, म्हणून अर्ज उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आणि सातारा, सांगली दोन्ही त्याच्याकडे आहेत, त्यामुळे मुंबईला जाण्याची गरज उरलेली नाही. विट्याचा दावा कराडच्या वरिष्ठ स्तर कोर्टाकडे वर्ग करावा आणि तुमच्या दाव्यासोबत चालवावा, अशी मागणी करा.

दोन्हीकडे साक्षीदार तेच, फेरफार तोच, प्रश्न तोच, आणि वेगवेगळे निकाल लागले तर अनर्थ, हे चार मुद्दे पुरतात. २००४ साली चित्तीवलसा ज्यूट मिल्सच्या प्रकरणात असंच झालं होतं. तागाची पोती पुरवणाऱ्या गिरणीचा पैशाचा दावा विशाखापट्टणमकडे, आणि पोती सदोष म्हणून सिमेंट कंपनीचा नुकसानभरपाईचा दावा रेव्याला. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही दावे एकत्र चालवायला लावले. ती दोन राज्यं होती म्हणून कलम २५ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तुमचं प्रकरण एकाच उच्च न्यायालयाखालचं आहे.

समोरचे म्हणतील, जमीन विट्याला, शेजारी विट्याचे, मग कराडला का? उत्तर असं की कराडचा दावा आधीचा आहे आणि त्यात दोन्ही जमिनी आहेत. रान बघायचं झालं तर कोर्ट कमिशनर विट्याला जाऊ शकतो. कराडला विट्याची जमीन घेताच येत नाही, असंही म्हणतील. त्यावर कलम १७ आहे. २०१९ साली शिवनारायण विरुद्ध माणिकलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मिळकती वेगवेगळ्या कोर्टांच्या हद्दीत असल्या तरी एका ठिकाणी दावा चालतो, मात्र वादकारण एक पाहिजे. त्या प्रकरणात इंदूर आणि मुंबईच्या मिळकतींच्या निरनिराळ्या व्यवहारांना आव्हान होतं, म्हणून मुंबईची मिळकत दाव्याबाहेर राहिली. तुमचं वादकारण एक आहे : आजोबांच्या एकत्र मिळकतीची वाटणी.

हेच लक्षात ठेवून विकलेल्या एकराचं बघा. तिसरा दावा लावू नका. दावा प्रलंबित असताना झालेली विक्री मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे दाव्याच्या निकालाला बांधलेली असते. खरेदी घेणाऱ्याला कराडच्या दाव्यात प्रतिवादी करा आणि दुरुस्ती अर्जानं एवढंच मागा की ते खरेदीखत आमच्या हिश्श्यावर बंधनकारक नाही. त्या दस्तावर तुमच्यापैकी कोणाची सही नाही, त्यामुळे दस्त रद्द करून मागायचं कारण नाही. पण २०२३ ची विक्री आहे. तीन वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवा आणि हा अर्ज याच महिन्यात जाऊ द्या. स्त्री पक्षकारांना मिळकतीच्या वादात कोर्ट फी माफ करणारी राज्य शासनाची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे. तुमच्या आणि आईच्या बाबतीत ती वकिलांना दाखवा.

आता २४ दिवसांचं. वर्ग करण्याचा अर्ज दिला म्हणून विट्याचं काम आपोआप थांबत नाही. उच्च न्यायालयानं अंतरिम स्थगिती दिली तरच थांबतं. त्यामुळे विट्याची लढाई चालूच आहे असं धरून चला. सरतपासाचं शपथपत्र दाखल झालं की सुनावणी सुरू झाली असं धरतात, आणि त्यानंतर कैफियतीत दुरुस्ती मिळणं फार अवघड होतं. म्हणून त्या तारखेच्या आत भावाच्या कैफियतीत दुरुस्तीचा अर्ज गेला पाहिजे : कराडचा दावा, एकत्र कुटुंब, १९८७ ची वाटणी खोटी, सगळं त्यात आलं पाहिजे. तुम्ही आणि आई दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १ नियम १० खाली पक्षकार होण्याचा अर्ज द्या. आणि सहाव्या पानावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवून ऑर्डर ३९ नियम ४ खाली मनाई उठवण्याचा अर्ज द्या. महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवलेला हुकूम टिकवणं सोपं नसतं.

माणदेशी

वकीलसाहेबांनी ‘अनर्थ’ हा शब्द लिहिला म्हणून लिहितो.

आमचंही असंच होतं. मोठा दावा मालकीचा, जिल्ह्याच्या ठिकाणी. छोटा दावा मनाईचा, तालुक्याला. आमचं सगळं लक्ष मोठ्याकडे. छोट्याला आम्ही ‘कुंपणाचा दावा’ म्हणायचो. वडील म्हणायचे, मालकी ठरली की कुंपण आपोआप येतंय. तालुक्याला आमच्या बाजूनं धड साक्षच झाली नाही. निकाल विरुद्ध गेला आणि त्यात न्यायाधीशांनी मालकीच्या मुद्द्यावरही निष्कर्ष दिला, कारण तो वादमुद्दा निघालेला होता. अपील करा असं आम्हाला कोणी ठासून सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मुदत गेली.

चार वर्षांनी मोठा दावा निकालाला आला तेव्हा समोरच्यांनी तो छोटा निकाल पुढे केला. हा प्रश्न ठरून गेलाय, आता उकरता येत नाही. आमचे वकील म्हणाले, ते छोटं कोर्ट होतं, त्याला एवढ्या रकमेचा अधिकारच नव्हता. पण कलम ११ च्या आठव्या स्पष्टीकरणात आणि सुलोचना अम्मा प्रकरणाच्या निकालात आहे की मर्यादित अधिकाराच्या कोर्टाचा निष्कर्षही पुढच्या दाव्यात बांधतो. ११ वर्षं मोठा दावा लढवला आणि हरलो त्या छोट्यामुळे. वडिलांना हे शेवटपर्यंत समजावून सांगता आलं नाही.

ताई, भावाला सांगा, विट्याची एकही तारीख चुकवू नको. टेम्पोचं भाडं बुडालं तरी चालेल.

दिवाणी वकील, सांगली

माणदेशींनी लिहिलं ते शंभर टक्के बरोबर आहे आणि माझ्याकडून राहून गेलं होतं. त्याला जोडून : दावे एकत्र चालून एकच निकालपत्र आलं तरी हुकूमनामे दोन असतात. विरुद्ध गेलं तर दोन्हींवर अपील करायचं. एकावर केलं आणि दुसरा तसाच सोडला, तर सोडलेला हुकूमनामा अंतिम होतो आणि केलेल्या अपिलाच्या आड येतो.

आणि कराडचा दावा हलवा. आत्यांवर समन्स बजावणीसाठी वर्तमानपत्रातल्या नोटिशीचा मार्ग आहेच. पण त्याआधी एक विचारतो : तुम्ही आत्यांशी कधी बोललात?

कृष्णाकाठ

तुमचा हा प्रश्न वाचून मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. दावा लागल्यावर आत्या चुलत्यांकडच्या, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं. तिला प्रतिवादी केलं ते कायद्यानं करावं लागतं म्हणून, पण तिला ते कोणी नीट सांगितलंच नाही. तिला कुणाकडून तरी कळलं की भाचीनं आपल्यावर केस केली.

काल तिचा नंबर मिळवला. ती आता चिखलीला मुलाकडे असते. आधी बोलेचना. मग मी सांगितलं की वाटपाच्या दाव्यात सगळ्या हिस्सेदारांना घ्यावंच लागतं, त्यात तुझाही हिस्सा मागितलाय. तेव्हा म्हणाली, ‘माझा बी?’ आणि गप्प झाली.

मग १९८७ चं विचारलं. त्या वर्षी ती धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी होती, आखाडापासून दिवाळीपर्यंत. फेरफारावर जी तारीख आहे ती नेमकी त्यातलीच. ती म्हणते वाटणीची बैठक-बिठक काही झाली नाही. तलाठी येऊन गेला, आजोबांनी ‘विट्याची वसुली थोरल्याच्या नावानं येऊ दे, मला एसटीनं जाणं होत नाही’ एवढंच म्हटलं, आणि चहा तिनं स्वतः केला होता. आईला आठवत नाही कारण ती त्या वेळी रानात होती.

ती ७४ वर्षांची आहे, एक डोळा अधू झालाय, पण बोलणं खणखणीत. पुढच्या गुरुवारी कराडला येऊन वकीलपत्र देते म्हणाली. समन्सची वाट बघायची गरज नाही ना?

निवृत्त, न्यायालयीन सेवा

नाही. स्वतः वकीलपत्रासह हजर झाल्या की बजावणीचा प्रश्न मिटला. येताना आधार कार्ड आणि मुलाच्या घरचा पत्ता लिहिलेला कागद आणा म्हणावं. कैफियत त्याच दिवशी देता आली तर उत्तम, म्हणजे वादमुद्द्यांना तारीख मागता येईल.

दिवाणी वकील, सांगली

वय ७४ आणि प्रत्यक्ष पाहिलेली साक्ष. वादमुद्दे, मग वादीचा पुरावा, मग प्रतिवादीचा, या क्रमानं त्यांची पाळी येईपर्यंत थांबू नका. ऑर्डर १८ नियम १६ खाली साक्षीदाराची साक्ष लगेच घेण्याचा अर्ज करता येतो. कारण म्हणून वय आणि प्रकृती लिहा, डॉक्टरांचा दाखला जोडा. तो अर्ज कराडच्या दाव्यात द्या आणि समोरच्यांना उलटतपासाची पूर्ण संधी मिळू द्या, म्हणजे पुढे त्या साक्षीला कोणी नाव ठेवणार नाही.

विधी तृतीय वर्ष

माझं आधीचं उत्तर चुकीच्या कोर्टाचं होतं, माफ करा ताई. मनाई हुकूम तसाच राहतो हेही मला माहीत नव्हतं.

कृष्णाकाठ

माफी कशाला, तुझ्यामुळेच तर बोलणं सुरू झालं.

आज कळवायचं ते असं. दोन्ही वकील पहिल्यांदाच एकमेकांशी फोनवर बोलले, माझ्यासमोर, अर्धा तास. विट्याला कैफियतीच्या दुरुस्तीचा, पक्षकार होण्याचा आणि मनाई उठवण्याचा असे तिन्ही अर्ज काल दाखल झाले, शपथपत्राच्या तारखेच्या नऊ दिवस आधी. त्यावर समोरच्यांचं म्हणणं मागवलंय. वर्ग करण्याच्या अर्जाचे कागद कोल्हापूरच्या वकिलांकडे गेलेत. भावानं दोन्हीकडच्या तारखा टेम्पोच्या काचेवर खडूनं लिहून ठेवल्यात.

आत्या गुरुवारी नाही, बुधवारीच आली. स्वारगेटहून एसटीनं, एकटी. रात्री आमच्याकडे राहिली. आई आणि ती सहा वर्षांनी एका ताटात जेवल्या. सकाळी आईनं नेहमीप्रमाणे विचारलं, ‘आज कुठल्या कोर्टात?’ आत्याच म्हणाली, ‘कराडच्या. तू पण चल.’